दोष दैवाचा की मॅक्बेथचा?

शेक्सपिअरने 'मॅक्बेथ' हे नाटक १६०६ च्या सुमारास लिहिले. मराठी वाचकांनाही ते नवे नाही. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये 'मानाजीराव' या नावाने, तर वि. वा. शिरवाडकर यांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' या नावाने ते मराठीत आणले. या नाटकाची कथा ऐकली की पुष्कळ जण म्हणतात, "बिचारा मॅक्बेथ! त्याच्या कपाळीच तसे लिहिले होते." मला हे मत मुळीच मान्य नाही.

स्कॉटलंडचा राजा डंकन याचा शूर सरदार मॅक्बेथ लढाई जिंकून परत येत असतो. त्याचा मित्र बँक्वो बरोबर असतो. उजाड माळावर त्यांना तीन चेटकिणी भेटतात. मॅक्बेथ कॉडॉरचा सरदार होईल आणि पुढे राजा होईल, असे भाकीत त्या करतात. बँक्वो स्वतः राजा होणार नाही, पण त्याचे वंशज राजे होतील, असेही त्या सांगतात. त्या अदृश्य होतात न होतात, तोच राजाचे दूत येऊन मॅक्बेथला कॉडॉरची सरदारकी मिळाल्याची वार्ता देतात.

ही सरदारकी राजाने चेटकिणींच्या भेटीपूर्वीच देऊन टाकली होती. म्हणजे हे भाकीत मॅक्बेथने बोटही न उचलता खरे झाले. मग राजपदही तसेच आपल्या पावलांनी का येऊ नये? हा विचार खुद्द मॅक्बेथच्या मनातही डोकावून जातो. शिवाय चेटकिणी 'तू राजा होशील' एवढेच म्हणतात. 'राजाला मार' असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. ते शब्द त्याच्या मनाने जोडले. बँक्वोने तीच वाणी ऐकली होती. तो अगदी निर्लोभ होता असे नाही. त्यालाही रात्री वाईट विचार छळतात. परंतु ते विचार त्याने हातापर्यंत येऊ दिले नाहीत.

राजा डंकन मॅक्बेथच्या वाड्यात पाहुणा म्हणून येतो, ती रात्र मला साऱ्या नाटकात महत्त्वाची वाटते. मॅक्बेथ एकटा विचार करतो : हा माझा आप्त आहे, माझा राजा आहे, शिवाय माझा अतिथी आहे, मारेकऱ्याला मी दाराबाहेर रोखायचे, की मीच खंजीर हाती घ्यायचा? तो बेत सोडून देतो आणि पत्नीला तसे सांगतोही. तेव्हा ती त्याला भित्रा म्हणते. रणांगणावर कोणालाही न भिणारा हा वीर त्या एका शब्दाला भितो आणि त्याचा निश्चय ढासळतो! 'भित्रा' म्हणून हिणवल्यामुळे खोल विहिरीत उडी टाकणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना कोणी चेटकीण भेटलेली नव्हती.

राज्य मिळाल्यावर तो काय करतो, तेही पाहण्यासारखे आहे. भाकितावर त्याचा खरोखर विश्वास असता, तर बँक्वोचे वंशज राजे होणार हेही त्याने मानले असते. पण तो बँक्वोला आणि त्याचा मुलगा फ्लिअन्स याला मारण्यासाठी मारेकरी पाठवतो. आपल्या लाभाचे दैव तेवढे खरे, उरलेले पुसून टाकायचे! पुढे सरदार मॅक्डफ इंग्लंडला निघून गेला म्हणून त्याच्या बायकामुलांना मारण्याचा हुकूम तो देतो. मॅक्डफचा छोटा मुलगा आईशी मजेदार प्रश्नोत्तरे करीत असतानाच मारेकरी आत शिरतात. या हत्येसाठी तर भाकिताचे निमित्तही नव्हते.

माझी एक मैत्रीण म्हणते, "पण शेवटी चेटकिणींचे सगळे खरे झालेच ना?" झाले. बर्नमचे अरण्य डन्सिनेनच्या टेकडीवर चालून आले. परंतु ते चालले कसे? आपली संख्या शत्रूला कळू नये म्हणून डंकनचा मुलगा माल्कम याने सैनिकांना फांद्या तोडून पुढे धरायला लावल्या. माल्कम सैन्य घेऊन आला, कारण मॅक्बेथने त्याच्या पित्याचा वध केला होता. मॅक्डफ त्याला रणात शोधत फिरला, कारण त्याची मुले मारली गेली होती. दैवाने पाठवलेली वाटणारी ही सेना मॅक्बेथने स्वतःच्या कृत्यांनी गोळा केली होती.

इतके असूनही मला त्याची दया येते. आपल्या म्हातारपणी मान, माया, मित्र यांतले काहीच लाभणार नाही, हे तो शेवटी स्वतःच बोलून दाखवतो. तो मूळचा दुष्ट असता, तर त्याला याचे दुःख झाले नसते.

इतिहासातील मॅक्बेथ मात्र निराळा होता. राजा डंकन १०४० मध्ये मारला गेला तो लढाईत, झोपेत नव्हे. आणि त्यानंतर मॅक्बेथने १७ वर्षे राज्य केले. बँक्वोच्या वंशाचे भाकीत नाटकात पुरे होताना दिसत नाही. लंडनच्या प्रेक्षकांना मात्र ते उमगत असे, कारण १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला राजा जेम्स बँक्वोच्या कुळातला मानला जाई. फ्लिअन्सचे पुढे काय झाले, हे शेक्सपिअर सांगत नाही. मारेकऱ्यांच्या हातून निसटून तो अंधारात पळतो, आणि पुन्हा रंगभूमीवर येत नाही.