शिव्या द्यायला तरी कुणी हवा!

नगरसेवक हा प्राणी आपल्या मध्यमवर्गात फारसा कुणाला आवडत नाही. आमच्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क तर नेहमी म्हणत, "हवेत कशाला हे? यांच्यावाचून काय अडणार आहे?" नियतीने ते ऐकले असावे. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक उजाडली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये! मधली जवळजवळ चार वर्षे सारा कारभार प्रशासकाच्या हाती. अंदाजपत्रक आयुक्तांचे, आणि प्रशासक म्हणून त्याला मंजुरीही त्यांचीच. सूचक तेच, अनुमोदकही तेच! भांडण नाही, सभात्याग नाही. कसे अगदी शांत!

पण नळाचे पाणी गेले तर ओरडायचे कुणाच्या दारात? नगरसेवकाला पुन्हा मते मागायला यायचे असते, म्हणून तो बिचारा चार शिव्या ऐकून तरी घेतो. (काम करतो असे मी म्हटलेले नाही!) प्रशासकाला आपल्या मताची काय मातब्बरी?

मतदानाच्या दिवशी हेडक्लार्कसाहेब भल्या सकाळी रांगेत उभे!

"उमेदवार कसे काय आहेत?" मी विचारले.

"सगळे एकाच माळेचे मणी! पण प्रोफेसर, प्रत्येकाचे घर मला माहीत आहे."