पक्कं बिल आणि झटका मशीन

हंगामाच्या तोंडावर पांढरकवड्याच्या एखाद्या कृषी केंद्रात घटकाभर उभं राहून पाहा. पऱ्हाटीचं पाकीट हातात घेतलेला शेतकरी ते उलटंपालटं करतो, लॉट नंबर वाचतो, मुदत पाहतो, छापील किमतीवर बोट ठेवतो आणि वर बजावतो, ‘‘भाऊ, बिल पक्कं द्या.’’ 2025 च्या खरिपासाठी केंद्र सरकारनं बीजी-2 च्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला 901 रुपये कमाल किंमत ठरवली होती. त्यावर कोणी पन्नास रुपये जास्त मागितले तर दुकानात आवाज चढतो. उगवण झाली नाही तर तक्रारीला पाकीट लागतं, टॅग लागतो, बिल लागतं, हे केळापूर तालुक्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हाच माणूस रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर झटका मशीनची जाहिरात पाहतो. टिपेश्वर अभयारण्याच्या काठावरच्या शिवारात रानडुकरं आणि रोही एका रात्रीत उभं पीक लोळवतात, तेव्हा कुंपणाला झटका देणारं यंत्र ही त्याची हौस नव्हे, गरज आहे. दुकानात काही हजारांना मिळणारं यंत्र इथे बाराशेला. खाली लाल आकड्यांत वेळ उलटा धावतोय, ‘फक्त 9 मिनिटे शिल्लक’. नाव, गाव, नंबर भरला की संपलं. विकणारा कोण, कुठला, बिल कोणाच्या नावाचं निघणार, दिवसा दुकानात विचारलेल्या प्रश्नांपैकी एकही रात्री विचारला जात नाही.

याला लोभ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. जनजागृतीच्या भाषणांतही ‘आमिषाला बळी पडू नका’ हेच ऐकू येतं. मला ते पटत नाही. काउंटरपलीकडे माणूस असला की प्रश्न आपोआप तोंडात येतात; पडद्याला काय विचारणार? शिवाय ती घाई मुद्दाम तयार केलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या अशा 13 युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत खोटी घाई आहेच. जाहिरातीतलं ते घड्याळ पान बंद करून पुन्हा उघडलं की बहुतेकदा पहिल्यापासून धावू लागतं. एवढी एकच परीक्षा घ्या.

‘पैसे काय आधी द्यायचे नाहीत, वस्तू आल्यावर द्यायचे,’ हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दिलासा, आणि खरी मेख तिथेच आहे. पार्सल येतं. आणणारा पोरगा ओळखीतला असतो, पण तो म्हणतो, ‘‘काका, पयले पैसे द्या, मंग खोला.’’ त्याचं चुकत नाही, त्याला तसाच हुकूम असतो. पैसे दिल्यावर खोक्यातून प्लॅस्टिकचं खेळणं निघतं. पोराशी भांडून काही हाती लागत नाही. मात्र हे पैसे आधी कुरिअर कंपनीकडे जमा होतात आणि विक्रेत्याला सहसा काही दिवसांनी मिळतात. म्हणून पार्सलवरच्या लेबलाचा फोटो पैसे देण्याआधी काढायचा, लेबलापासून आतल्या वस्तूपर्यंत मधे न थांबवता व्हिडिओ घ्यायचा, आणि त्याच दिवशी ट्रॅकिंग नंबर देऊन कुरिअर कंपनीकडे लेखी तक्रार टाकायची. ‘पाहू पोळ्यानंतर’ म्हणालात तर रक्कम गेली. आणि घरात कोणीच न मागवलेलं पार्सल दारात आलं, तर ‘नागपूरच्या पोरानं मागवलं असंल’ म्हणून आईनं पैसे देऊ नयेत. पोराला एक फोन लावावा.

आपल्या तालुक्याची एक वेगळीच अडचण आहे. तालुक्याचं नाव केळापूर, कचेऱ्या आणि बाजार पांढरकवड्यात, आणि केळापूर नावाचं गावही शेजारीच, जगदंबेच्या देवळाचं. फॉर्म भरताना कोणी हे लिहितं, कोणी ते. त्यामुळे ‘तुमचा पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल परत जात आहे, खालील लिंकवर पत्ता दुरुस्त करा’ हा टपाल खात्याच्या नावानं फिरणारा खोटा संदेश इथे हमखास खरा वाटतो. लिंकवर पाच-दहा रुपये मागतात. त्या निमित्तानं कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घेतात. टपाल खातं असे संदेश पाठवत नाही, हे सरकारनं जाहीर केलेलं आहे. तरीही शंका असेल तर पोस्टात जाऊन विचारावं, ते तर चालण्याच्या अंतरावर आहे.

नामांकित संकेतस्थळावर घेतलं म्हणजे सगळं बिनघोर, असंही नाही. तिथे विकणारे हजारो वेगवेगळे असतात. 2022 मध्ये ग्राहक प्राधिकरणानं मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी 1 लाख रुपये दंड केला होता. वस्तूच्या खाली विक्रेत्याचं नाव असतं, ते वाचा. आणि तक्रारीसाठी कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधू नका, अ‍ॅपच्या आतलाच वापरा. शोधून मिळालेल्या नंबरावर अनेकदा भामटाच बसलेला असतो. परताव्याचे पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही.

कीटकनाशकाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. नोव्हेंबर 2022 पासून ती ऑनलाइन विकायला परवानगी आहे, पण विक्रेत्याकडे परवाना हवा आणि तो तपासण्याची जबाबदारी संकेतस्थळाची आहे. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त जीव गेले. तेव्हा फेसबुकवर दिसलेली बिनबिलाची बाटली स्वस्त असो की फुकट, घरात येऊ देऊ नका.

इथे कोणी म्हणेल, बिनबिलाचं तर आम्ही घेतोच की, चोर बीटी! खरं आहे. तणनाशक सहन करणाऱ्या त्या वाणाला मंजुरी नाही, म्हणून बिल नाही, म्हणून उगवलं नाही तर तक्रार नाही. मोबाइलवरच्या ठगाला हेच गिऱ्हाईक हवं असतं. बिनबिलाच्या सवयीची किंमत आपण शेतात मोजतो आणि आता दारातही मोजू लागलो आहोत.

पैसे गेलेच तर पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तासाभरात. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता येते. वस्तू खराब किंवा भलतीच असेल तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ई-कॉमर्स कंपनीनं 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण करायचं, असा 2020 चा नियम आहे. तरीही दाद मिळाली नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं एक मोठी सोय केली आहे: कंपनी बेंगळुरूची असो की सुरतची, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते.

घरबसल्या म्हणायला. पोर्टल भरणं प्रत्येक शेतकऱ्याला जमेलच असं नाही. सीसीआयला कापूस विकायला ‘कपास किसान’ अ‍ॅप, पेरा नोंदवायला ई-पीक पाहणी. सरकारी कामासाठी मोबाइल हातात घ्यायला लावणाऱ्या सरकारनं पुढचंही पाहायला हवं. तालुक्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रांत उत्पन्नाचा दाखला निघतो, तिथेच ई-जागृतीवरची तक्रारही भरून मिळावी. तहसीलदारांनी तेवढा आदेश काढावा आणि त्याचा दर केंद्राच्या फलकावर लावायला सांगावा.