दाब आधी ठरवा, ट्यूब नंतर

जून उजाडला की आपल्या गॅरेजांत तयारीसाठी येणाऱ्या ॲडव्हेंचर बाइकची संख्या वाढते. काही लडाखला निघालेल्या असतात, बाकीच्या ताम्हिणी, वरंधा, माळशेज आणि त्यांच्या आजूबाजूच्या कच्च्या वाटांवर पावसाळा काढणार असतात. हिमालयन असो की एक्सपल्स, पुढे आऱ्यांचे २१ इंची चाक, बहुतेकींत आत ट्यूब, आणि मालकाची मागणी जवळजवळ ठरलेली: सगळ्यांत जाड ट्यूब टाका, हवा टाइट ठेवा, वाटेत पंक्चर नको. आपणही तसे करून देतो. आमचे म्हणणे असे की हा क्रम उलटा आहे. गाडी कोणत्या जमिनीवर, किती ओझ्याने आणि किती वेगाने चालणार यावरून आधी हवेचा दाब ठरवायला हवा, आणि त्या दाबाला साथ देईल अशी ट्यूब त्यानंतर निवडायला हवी. चुकीच्या दाबाची भरपाई जाड ट्यूब करू शकत नाही. कित्येकदा ती चूक फक्त थोडी लांबवते, आणि मग ती घाटात किंवा हायवेवर उघडी पडते.

चाकावरचा बहुतेक भार टायरचे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. मागच्या चाकावर गाडी, चालक आणि सामान मिळून १७० किलो येत आहेत असे धरू. ३२ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. म्हणजे टायर जमिनीला साधारण ७५ चौरस सेंटिमीटर टेकणार. तोच दाब २२ वर आणला की हे क्षेत्रफळ ११० च्या आसपास जाते. टायरच्या स्वतःच्या कडकपणामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतील, पण दिशा हीच राहते. सुट्या खडीवर, ओल्या मातीत किंवा शेवाळलेल्या दगडावर हा दीडपट टेका चालकाला हँडलमध्ये जाणवतो. याउलट ‘टाइट’ हवा भरलेले पुढचे चाक खडीवर टिकत नाही, दगडावरून उडते, ब्रेक लावला की सरकते. पंक्चर टाळण्यासाठी भरलेल्या जादा हवेने गाडी पाडली, तर पंक्चर वाचल्याचा हिशेब कोणी मांडत नाही. यात आणखी एक गैरसमज टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याचा आहे. ९०/९०-२१ च्या टायरवर ५४ हा भारांक असेल, तर त्याचा अर्थ २१२ किलोपर्यंतची क्षमता. शेजारी छापलेला दाब त्या कमाल भारासाठीचा असतो. रोज भरायचा आकडा तो नव्हे. तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि या वर्गातल्या गाड्यांसाठी तो पुढे साधारण पंचविशीत आणि मागे तिशीच्या आसपास असतो.

आता पंक्चरकडे वळू, कारण जाड ट्यूबची सारी भिस्त त्याच्यावर आहे. पंक्चर झालेली ट्यूब पॅच मारून लगेच परत बसवण्याआधी एकदा नीट पाहिली पाहिजे. बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल, तर खिळा, तार किंवा काटा. एकमेकींना समांतर दोन चिरा असतील, तर तो स्नेक बाइट: दगडावर टायर इतका दबला की ट्यूब टायर आणि रिमच्या कडांत चिमटली. रिमच्या बाजूला बारीक भोक असेल, तर आऱ्याचे टोक वर आले आहे किंवा रिम टेप सरकली आहे. या तिघांची कारणे वेगळी आहेत, म्हणून उपायही वेगळे. बाभळीचा काटा चार-पाच सेंटिमीटर लांब असू शकतो. साधी दीडेक मिलिमीटरची ट्यूब असो की चार मिलिमीटरची ‘अल्ट्रा हेवी ड्युटी’, तेवढा काटा टायरमधून आत आला की दोघींनाही भेदतो. खिळ्याचेही तेच. जाड ट्यूबचा खरा उपयोग दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चिमटण्यात होतो, आणि चिमटण्याचे मूळ कारण दाब कमी असणे किंवा दगडावर वेग जास्त असणे हे आहे. म्हणजे ज्याला दाब कमी करून खडकाळ वाटांवर चालवायचेच आहे, त्याला जाड ट्यूब हवी. जो मॅन्युअलच्या दाबावर डांबरी रस्त्याने जाणार आहे आणि कधीमधी चार-पाच किलोमीटर कच्चा रस्ता लागणार आहे, त्याला तिच्यापासून मिळणारे संरक्षण फारच थोडे.

शिवाय तिची किंमत मोजावी लागते. जाड रबर प्रत्येक फेऱ्याला दबते-सुटते, त्यात उष्णता तयार होते, आणि हायवेवर तासन् तास ९०-१०० च्या वेगाने ती साठत जाते. मेच्या अखेरीस नाशिक ते इंदूर अशा रस्त्यावर, मागे सामान लादून, आणि त्यातही हवा कमी ठेवून जाड ट्यूब चालवणे म्हणजे टायरला आतून भाजणे आहे. वजन वाढते तेही चाकाच्या परिघावर, जिथे सस्पेन्शनला ते सर्वांत जड जाते. रस्त्याच्या कडेला लिव्हरने ती काढणे-घालणे चालकाला एकट्याला कठीण जाते, म्हणजे मदत दूर असताना तीच अडचण ठरते. रबराचा प्रकारही जाडीइतकाच महत्त्वाचा आहे. ब्यूटाइल रबर हवा फार सावकाश सोडते, म्हणून रोजच्या वापराला ते उत्तम. नैसर्गिक रबराची ट्यूब जास्त ताणते आणि खिळा शिरल्यावर सहसा फाटत जात नाही, पण तिची हवा लवकर उतरते, त्यामुळे दाब वारंवार तपासणाऱ्या माणसालाच ती द्यावी. मधल्या जाडीची, चांगल्या प्रतीची, टायरचा अचूक आकार लेबलवर लिहिलेली ट्यूब हीच आपल्याकडच्या बहुसंख्य ग्राहकांना योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. लहान मापाची ट्यूब ताणून बसवली की भिंत पातळ होते. मोठ्या मापाची दुमडते आणि घडीवर घासून जाते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: परदेशातले चालक १२ ते १५ पीएसआयवर डोंगर चढतात, मग आपण पंचविशीत का अडकायचे? ते ज्या गाड्या चालवतात त्या बहुधा ११० किलोंच्या आसपासच्या एन्ड्युरो असतात. सामान नसते, रिमला रिम लॉक असतो, जमीन पुष्कळदा वाळूची किंवा मऊ मातीची असते. आपली हिमालयन ४५० ही १९६ किलोंची आहे. देशावर काळा बेसाल्ट, कोकणात जांभा, दोघांच्याही कडा धारदार. पुढच्या ९०/९०-२१ टायरची भिंत जेमतेम ८१ मिलिमीटर उंच असते. मागे १४०/८०-१७ असेल तर ११२. दगड आधी पुढच्या चाकाला भेटतो, आणि ब्रेक लावल्यावर भारही पुढेच येतो. म्हणून हवा कमी करायचीच तर मागे मोकळ्या हाताने आणि पुढे जपून करावी. एकटा चालक, सामान नाही, वेग ४० च्या आत असेल तर पुढे २१-२२ आणि मागे २३-२४ इथपर्यंत उतरावे, आणि सह्याद्रीत २० च्या खाली जाऊ नये, असे आम्ही सुचवू. रिम लॉक नसलेल्या चाकात त्याहून कमी दाबावर टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळाशी फाटतो. म्हणून वॉल्व्हचा नट रिमवर आवळू नये, वर कॅपला टेकवून ठेवावा. वॉल्व्ह तिरका दिसू लागला की टायर सरकतो आहे हे वेळेत कळते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि तो आपल्याच बांधवांचा आहे. ग्राहक पंप बाळगत नाही, कच्च्या रस्त्यासाठी उतरवलेली हवा पुन्हा भरत नाही, मग चार पीएसआय जास्त भरलेले बरे. अडचण खरी आहे, पण तिच्यातून निघणारा उपाय पटण्यासारखा नाही. जो पुन्हा भरणार नाही, त्याची हवा उतरवूच नये. त्याला मॅन्युअलचा आकडा द्यावा, तेवढाच. जादा हवेने टायर मध्यभागी झिजतो, ओल्या घाटात पकड जाते आणि खड्ड्याचा सगळा हादरा आऱ्यांपर्यंत पोचतो. मात्र तो आकडा थंड टायरचा आहे हे आपण स्वतः पाळले पाहिजे. हवा दर १० अंश सेल्सिअसला साधारण सव्वा पीएसआयने चढते. दुपारी उन्हातून धावत आलेल्या गाडीत गेजवर २५ दिसले, तर सकाळी तिथे एकवीस-बावीसच असतील. अंगठा दाबून हवा पाहण्याची सवय आरे असलेल्या ट्यूबच्या गाडीला अजिबात पुरत नाही. चांगला गेज फार महाग नाही आणि तो प्रत्येक गॅरेजात असायलाच हवा.

लडाखला जाणाऱ्यांना एक गोष्ट खास सांगून पाठवायला हवी. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. मुंबईत बाहेरचा दाब १४.७ पीएसआय असतो, खारदुंग ला वर, सुमारे ५,३५० मीटरवर, तो निम्म्यावर येतो. मुंबईत ३० अंशांवर २५ भरून निघालेल्या टायरमध्ये तिथे शून्य अंशाला गेज २८ च्या आसपास दाखवेल. थंडीने दाब उतरतो, पण उंचीने वाढलेला त्याहून जास्त असतो. ‘हवा वाढली’ म्हणून चालक ती २२ वर आणतो, आणि मग तीच गाडी पठारावरून उतरून सपाटीच्या उन्हात पोचते तेव्हा टायरमध्ये जेमतेम १८-१९ उरलेले असतात. सामान लादलेले, रस्ता मोकळा, वेग जास्त. इथे जाड ट्यूब तापण्याचा धोका वाढवते. दोन-तीन पीएसआयच्या वाढीसाठी खिंडीत हवा सोडू नका आणि खाली उतरल्यावर सकाळी थंड टायर तपासा, एवढे दोन निरोप ट्यूबच्या जाडीपेक्षा जास्त कामाचे आहेत.

ट्यूबलेस करून टाकले की प्रश्नच मिटला, असेही कोणी म्हणेल. सुरक्षेच्या दृष्टीने ट्यूबलेस सरस आहे, यात वाद नाही: खिळा टायरमध्ये रुतून राहतो, हवा सावकाश जाते. ट्यूब फाटली तर हवा वॉल्व्हच्या भोकातून आणि निपलांतून क्षणात निघून जाते. हिमालयन ४५० ला कंपनीचीच ट्यूबलेस आऱ्यांची चाके २०२४ पासून मिळतात, आणि ज्याला परवडते त्याने ती जरूर घ्यावीत. पण साध्या रिमला आतून सीलंट आणि टेप लावून केलेले ट्यूबलेस आम्ही सुचवणार नाही. टायरची कड जागेवर धरणारा उंचवटा त्या रिमला बहुधा नसतो आणि दाब उतरला की कड निसटते. ट्यूबमध्ये ओतायचे सीलंट खिळ्याचे भोक बुजवू शकेल, चिमटीची चीर बुजवणार नाही, आणि नंतर पॅच धरणे अवघड करून ठेवील.

बसवण्याच्या कामाबद्दल नवे काही सांगण्याची गरज नाही, फक्त घाईत काही गोष्टी सुटतात. नव्या टायरला नवी ट्यूब, कारण जुनी वापरात ताणून वाढलेली असते. रिम टेप कडक झाली असेल तर ती बदलायची, वर आलेले आरे घासायचे, टायरच्या आत बोट फिरवून काटा राहिला आहे का पाहायचे, फ्रेंच चॉक लावायचा. टायर कडेला बसला की हवा पूर्ण सोडून पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबच्या घड्या निघतात.

वाचकांना विनंती एवढीच, की या महिन्यापासून जॉब कार्डवर ट्यूबच्या रकान्याच्या वर दाबाचा रकाना छापून घ्या: पुढे किती, मागे किती, थंड टायर, सामानासह की सामानाविना. ग्राहकाला विचारून तो आधी भरा आणि मगच शेल्फवरून ट्यूब काढा.