मालमोटार 'व्हिंटेज' का नाही? उघड्या केबिनची पिकअप आणि वारशाची अपुरी व्याख्या

१/ उघड्या केबिनची जुनी पिकअप. नवा रंग, चकाकणारे दिवे, घासूनपुसून बसवलेल्या लाकडी फळ्या आणि खाली दोनच शब्द : 'विकणे आहे'. अशी जाहिरात दिसली की चर्चा किमतीभोवती फिरू लागते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र निराळा प्रश्न विचारावा. कायद्याच्या दृष्टीने ही गाडी 'व्हिंटेज' आहे काय? उत्तर आहे, नाही.

२/ केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ८१-अ आणि त्यापुढील नियम समाविष्ट केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनांना त्यामुळे स्वतंत्र ओळख मिळाली. नोंदणी क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरले. अशा वाहनांच्या खरेदी-विक्रीलाही मुभा मिळाली. पाऊल स्वागतार्ह होते.

३/ गोम आहे ती व्याख्येत. ही ओळख दुचाकींना आणि 'एम-१' वर्गातील चारचाकींनाच मिळते. 'एम-१' म्हणजे प्रवासी मोटारी. मालवाहू वाहनांचा 'एन' वर्ग व्याख्येबाहेरच राहिला. परिणामी, संस्थानिकाला मिरवणारी रोल्स-रॉइस वारसा ठरते. धान्याची पोती वाहणारी तिची समकालीन मालमोटार केवळ 'जुनी गाडी' उरते.

४/ ही केबिन उघडी का असे, हे आधी समजून घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मालमोटार ही पुष्कळदा अपुरीच विकली जाई. कारखाना सांगाडा, इंजिन आणि चाके देई. चालकाची बैठक आणि मालाचा हौदा गिऱ्हाइकाने सुताराकडून करून घ्यायचा. दारे आणि काचा म्हणजे वाढीव खर्च. चालकाच्या डोक्यावर फार तर कापडी छत असे.

५/ २५ एप्रिल १९२५ रोजी फोर्ड कंपनीने 'मॉडेल टी'च्या उघड्या दोन आसनी गाडीला मागे पोलादी हौदा जोडून ती कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. 'पिकअप' हा प्रकार येथून रूढ झाला. त्या पहिल्या वर्षातच सुमारे ३४ हजार गाड्या तयार झाल्या.

६/ मुंबईत १९२८ साली शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना सुरू झाला. त्यानंतर स्वदेशी उद्योग आले. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि डॉज, फार्गो ही नावे भारतीय रस्त्यांवर रुळली. सांगाडा कारखान्याचा आणि बॉडी स्थानिक कारागिराची, ही रीत मात्र येथे दीर्घकाळ टिकून राहिली. म्हणजे भारतीय मालमोटारीचे निम्मे शिल्प अनामिक सुतार-लोहारांचे आहे.

७/ आता रत्नागिरीकडे वळू. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली धावली. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. मधल्या जवळजवळ दीडशे वर्षांत या जिल्ह्याने आपला माल नेला कसा? उत्तरे दोनच : समुद्र आणि घाट.

८/ समुद्राची वाट पावसाळ्यात बंद होई. आगबोटी थांबत, बंदरे निजत. मग भिस्त घाटरस्त्यांवर : चिपळूणहून कऱ्हाडला जाणारा कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा आंबा घाट. कोल्हापूरला रेल्वे १८९१ मध्येच पोहोचली होती. त्यामुळे रत्नागिरीच्या मालाला रेल्वेचे एक दार सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे उघडत असे. त्या दारापर्यंतची वाट आधी बैलगाडीने आणि पुढे मालमोटारीने तुडवली. घाटावरून गूळ आणि धान्य खाली आले; कोकणातून आंबा, मासळी, नारळ, सुपारी वर गेली.

९/ दुसऱ्या महायुद्धाने या कथेला नवे वळण दिले. पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. युद्ध संपल्यावर लष्कराची वाहने विक्रीस निघाली आणि जीप, डॉज, शेव्हरोले मुलकी रस्त्यांवर उतरल्या. दारे नसलेली, कापडी छताची डॉज 'वेपन कॅरियर' ही त्या काळातील उघड्या केबिनच्या पिकअपचा उत्तम नमुना होय. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तीही याच उघड्या कुळातली.

१०/ अशी गाडी म्हणजे चाकांवरचा दप्तरखाना असतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीसाठी परवान्यांची पद्धत आणली; गाडीच्या कपाळावरचे 'पब्लिक कॅरियर' हे शब्द त्या पद्धतीची खूण. हौद्याच्या फळ्यांवरची झीज, दुरुस्तीची ठिगळे, रंगाचे थर आणि मालकाचे नाव हे सारे पुरावेच आहेत.

११/ आणि नूतनीकरणाच्या नावाखाली बहुधा हेच पुरावे पहिल्यांदा घासून काढले जातात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये संमत केलेली ट्युरिन सनद जतनाला नूतनीकरणाहून अधिक महत्त्व देते. शिवाय तिच्या कक्षेत मोटारी आणि दुचाकींबरोबर इतर इंजिनचलित वाहनेही येतात. जो भेद ही सनद करत नाही, तो आपल्या नियमाने का करावा?

१२/ यावर एक आक्षेप संभवतो. मालमोटारींना सवलत दिली तर वाहतूकदार भंगार गाड्या 'व्हिंटेज' म्हणून धंद्यात राबवतील. हा आक्षेप टिकत नाही. कारण अशा वाहनांचा नित्य किंवा व्यावसायिक वापर याच नियमांनी आधीच निषिद्ध ठरवला आहे. प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच त्यांना रस्त्यावर मोकळीक आहे. ज्या पळवाटेची भीती दाखवायची, ती तर बंदच आहे.

१३/ दुसरीही अडचण लक्षात घ्यावी. मालमोटारीला बाके बसवून तिला प्रवासी गाडी करावे म्हटले, तर 'मूळ रूप' मोडते. हौदा तसाच ठेवला, तर वर्ग आड येतो. अशा कोंडीत मालकापुढे फारसे पर्याय उरत नाहीत. दिवाणखान्याची शोभा, हॉटेलच्या दाराशी कुंडी ठेवायची जागा, नाहीतर भंगार.

१४/ वेळही थोडा आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण थांबले आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने हे धोरण समर्थनीय असेल. पण भंगारात जाण्यापूर्वी एकेका प्रकारचा एक तरी नमुना निवडून ठेवण्याची व्यवस्था हवी. रत्नागिरीत थिबा राजाचा राजवाडा जपला गेला, ते उचितच झाले. परंतु जिल्ह्याचा इतिहास केवळ राजवाड्यात घडला नाही. तो घाटातही घडला.

१५/ म्हणून मागणी साधी आहे. ८१-अ या नियमात पन्नाशी ओलांडलेल्या मालवाहू वाहनांचा समावेश व्हावा आणि 'मूळ रूप' ठरवताना स्थानिक कारागिरांनी बांधलेली बॉडी मूळच मानली जावी.

१६/ नियम बदलेपर्यंत तरुण अभ्यासकांना करण्याजोगे बरेच आहे. गावातल्या जुन्या गॅरेजात जावे. वृद्ध चालक, क्लीनर आणि मिस्त्री यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. आरसी बुके, परवाने, मालाच्या पावत्या आणि गाडीसमोर काढलेली कौटुंबिक छायाचित्रे यांच्या प्रती काढाव्यात. विक्रीस आलेली गाडी दिसली, तर किमतीआधी विचारावे : हिने काय वाहिले, कोणत्या घाटातून, आणि कोणी चालवली? या प्रश्नांची उत्तरे गाडीबरोबर नव्या मालकाच्या हाती पडली, तरच वारसा हस्तांतरित झाला असे म्हणता येईल. एरवी हस्तांतरित होते ते फक्त लोखंड.