लिबरेटरची हवाई फेरी आणि लोहगाव

दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेक्या विमानात बसून अर्ध्या तासाची हवाई फेरी मारण्यासाठी अमेरिकेत हौशी लोक शेकडो डॉलर मोजत असत. कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेचे ‘विचक्राफ्ट’ नावाचे बी-२४ लिबरेटर विमान कित्येक वर्षे गावोगाव फिरून अशा फेऱ्या विकीत होते. जन्माने अमेरिकन असलेल्या या विमानाची १९६८ पर्यंतची वीस वर्षे भारतीय हवाई दलाच्या चाकरीत गेली, हे त्या उतारूंपैकी कितीजणांना ठाऊक होते?

‘लेंड-लीज’ करारान्वये ब्रिटिशांकडे आलेली ही विमाने युद्ध संपताच कानपूरला टाकून देण्यात आली. कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ती मोडण्यात आली. कित्येकांच्या इंजिनांत वाळू ओतली गेली. जमाखर्चाच्या वहीत त्यांची किंमत भंगाराइतकीच उरली. १९४८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने त्या भंगाराला हात घातला. एकाचे चाक, दुसऱ्याचा पंखा असे करीत विमाने जेमतेम उडण्याजोगी करावयाची आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती बंगळूरला न्यावयाची, असा तो उद्योग. चाळिसाच्या आसपास विमाने अशी उभी राहिली. परकीय चलनाची चणचण असलेल्या नवस्वतंत्र देशाला अवजड बाँबफेकी विमानांचा ताफा मिळाला तो श्रम आणि कौशल्य यांच्या बळावर. भांडवलनिर्मितीचे याहून बोलके उदाहरण पाठ्यपुस्तकांत शोधूनही सापडणार नाही. ते तेथे नाही, हा भाग वेगळा.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवी स्क्वाड्रन याच विमानांवर उभी राहिली. पुढे सागरी टेहळणीचे काम सहाव्या स्क्वाड्रनकडे आले आणि तिच्यामुळे पुण्याच्या लोहगावला लिबरेटरची घरघर परिचयाची झाली. १९६८ अखेर ती निवृत्त झाली. त्यानंतर काही विमाने अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील संग्रहालयांत गेली. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात राहिले. ‘विचक्राफ्ट’ १९८०च्या दशकाच्या आरंभी एका इंग्रज संग्राहकाने विकत घेतले, मग ते अमेरिकेला गेले आणि १९८९ मध्ये पुन्हा उडाले.

मग पुण्यातही अशी सशुल्क फेरी का असू नये? कल्पना मोहक आहे. तिकिटाच्या पैशातून विमानाची निगा राखली जाते, हा युक्तिवादही वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु २ ऑक्टोबर १९१९ नव्हे, २०१९ ची घटना आहे: त्याच संस्थेचे बी-१७ विमान कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावर कोसळले. विमानात तेरा माणसे होती. सात दगावली, त्यांतील पाच उतारू. चौकशीत वैमानिकाच्या चुकीबरोबरच देखभालीतील उणिवांवरही बोट ठेवण्यात आले. मार्च २०२० मध्ये सरकारने संस्थेची उतारू नेण्याची परवानगी रद्द केली. धोका पत्करून उतारू बसतो हे खरे; पण इंजिनाची प्रकृती विक्रेत्याला ठाऊक असते, ग्राहकाला नाही. जेथे तिकीट विकणारा आणि यंत्र तपासणारा एकच, तेथे बाजारावर सारे सोपविता येत नाही.

तेव्हा पुणेकरांनी उडत्या लिबरेटरचा हट्ट धरू नये. मागावयाचे ते निराळे, आणि स्वस्त आहे. १९६८ पूर्वी लोहगावला या विमानांवर काम केलेला तरुण तंत्रज्ञ आज ऐंशीच्या घरात आहे. सुटे भाग नसताना इंजिने कशी चालती ठेवली, हे कळावयाचे तर ते त्याच्याच तोंडून. येथील महाविद्यालयांच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रक देऊन या मंडळींकडे धाडावे. त्यासाठी आयोगाच्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीतही हे काम सुरू करता येईल.