धुराड्यातली काटकसर

हिमाचल, काश्मीर आणि लडाखमध्ये थंडी पडली की घराघरांत पत्र्याची शेगडी पेटते. हिमाचलात तिला तंदूर म्हणतात, काश्मीर-लडाखमध्ये बुखारी. शेगडी घेताना पत्र्याची जाडी, दार, झाकण सारे पारखले जाते. धुराडे मात्र पातळ पत्र्याच्या नळीचे, तेही अनेकदा खिडकीतून आडवे बाहेर काढलेले. महाराष्ट्रातूनही पर्यटक ज्या होम-स्टेत उतरतात, तिथेही हेच दिसते. काटकसरीसाठी याहून चुकीची जागा नाही.

धुराडे केवळ धूर बाहेर टाकत नाही, शेगडीला हवाही तेच पुरवते. गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि त्याच्या मागोमाग ताजी हवा आत ओढली जाते. बाहेर शून्य अंश आणि पाच मीटर उंच धुराड्यात सरासरी २०० अंश सेल्सिअस असेल, तर ही ओढ साधारण २७ पास्कल भरते. धूर ८० अंशांवर उतरला की ती १४ पास्कलवर येते. बर्फाळ वाऱ्यात उघडी नळी धुराला असेच थंड करते. मग धूर खोलीत परततो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळ ही लक्षणे पर्यटक विरळ हवेच्या खाती टाकून झोपी जातात.

दुसरा धोका डांबराचा. धूर सुमारे १२० अंशांखाली गेला की त्यातील वाफ आणि चिकट द्रव्ये नळीच्या आत जमतात. लाकूड ओले असेल तर अधिकच. हा थर पेटला की तापमान हजार अंशांच्या घरात जाते, आणि नळी देवदाराच्या छताला टेकलेली असते! जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा इथे कुचकामी. जस्त ४१९ अंशांवरच वितळते.

म्हणून नळी खोलीबाहेर पडते तिथून पुढे दुहेरी स्टेनलेस स्टीलचे धुराडे हवे. दोन नळ्यांच्या मध्ये २५ ते ५० मिलिमीटर खनिज लोकर असते. आतली नळी शक्यतो ३१६एल प्रतीची घ्यावी, ती आम्लाला अधिक टिकते. खोलीतला तुकडा साधा राहिला तरी चालतो, तेवढीच ऊब मिळते. युरोपीय मानकाच्या शिक्क्यावर ‘जी’ हे अक्षर असेल तर ते धुराडे आतल्या काजळीच्या आगीला टिकते. त्यापुढचा आकडा लाकडापासून किती मिलिमीटर अंतर ठेवायचे ते सांगतो. ‘जी ५०’ म्हणजे पाच सेंटिमीटर. ही फट मोकळीच ठेवायची असते. वारा येतो म्हणून तिथे कापूस, चिंध्या कोंबणारे गवंडी आहेत.

धुराडे सरळ उभे न्यावे, छताच्या वर किमान तीन फूट काढावे. महागडे असले म्हणून झाडणे टळत नाही. हंगामापूर्वी एकदा, आणि रोज पेटत असेल तर मध्येही. झोपण्याच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र आहे का, हे होम-स्टे आरक्षित करतानाच विचारावे.