पाच टोकांचा तारा ना शैतानाचा, ना इस्लामचा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. पाच टोकांची चांदणी, तिच्याभोवती गोल आणि खाली ताकीद : हे शैतानाचं निशाण आहे, मुलांच्या दप्तरावर, टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर दिसलं तर ताबडतोब काढा आणि दहा जणांना पाठवा. सोनईतल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो आतापर्यंत तीनदा आलाय. गंमत अशी की त्या ग्रुपचा डीपी हिरव्या झेंड्यावरचा चांदतारा आहे, आणि त्यातला ताराही पाच टोकांचाच आहे. म्हणजे एकच आकार डीपीत पाक आणि खालच्या मजकुरात नापाक.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण याच आकारावरून आपल्याकडे मुलं घाबरवली जातात, तावीज विकले जातात आणि ईद-ए-मिलादच्या दिवसांत 'पाकिस्तानचा झेंडा लावला' अशी बोंब उठून गावातलं वातावरणही बिघडतं. म्हणून हा तारा कुठून आला, त्याला कुणी कोणता अर्थ दिला, हे आपल्याला माहीत असायला हवं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून आधी आकाराबद्दल. लहान मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला 'लोगो' नावाची भाषा वापरतात. स्क्रीनवर एक कासव असतं. त्याला सांगायचं : १०० पावलं पुढे जा, उजवीकडे १४४ अंश वळ, आणि हे पाच वेळा कर. कासव निघालं तिथेच परत येतं आणि मागे पाच टोकांची चांदणी उमटलेली असते. कागदावर हात न उचलता काढता येणारी ती हीच चांदणी. ही आकृती आभाळातही सापडते. शुक्र दर सुमारे ५८४ दिवसांनी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे येतो. आठ वर्षांत असं पाच वेळा घडतं. ते पाच बिंदू क्रमाने जोडले की जवळजवळ अशीच चांदणी तयार होते. शनी शिंगणापूरच्या शेजारी राहून मी शुक्राचं कौतुक सांगतोय, पण हा हिशोब कुणालाही करून बघता येतो. त्यात कुणाचा कोप नाही की कृपा नाही.

आता अर्थांचा इतिहास. जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वी सुमेर म्हणजे आजच्या इराकमध्ये मातीच्या पाट्यांवर ही चांदणी एक लिपिचिन्ह म्हणून येते. तिचा अर्थ होता कोपरा, कोन. ग्रीसमध्ये पायथागोरसच्या अनुयायांनी ती एकमेकांना ओळखण्याची खूण केली आणि तिला आरोग्याशी जोडलं. मध्ययुगातल्या ख्रिस्ती युरोपात ती येशूच्या पाच जखमांची आठवण झाली. चौदाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी काव्यात गवेन नावाचा श्रद्धाळू सरदार ती आपल्या ढालीवर मिरवतो. ते काव्य तिला राजा सॉलोमनची खूण म्हणतं.

सॉलोमन म्हणजे आपले हजरत सुलेमान. मुस्लिम जगात पाच आणि सहा टोकांच्या दोन्ही ताऱ्यांना 'खातम-ए-सुलेमान' म्हणजे सुलेमानची मोहर म्हणत. जिन्नांना ताब्यात ठेवणाऱ्या त्यांच्या अंगठीच्या कथा लोकांत पसरल्या आणि अंगठीवरची खूण म्हणून हे तारे भांड्यांवर, नाण्यांवर, इमारतींवर आले. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याच्या कमानींवर सहा टोकांचे तारे आजही दिसतात. ते बसवणाऱ्यांच्या मनात इस्राएल असणं शक्यच नव्हतं. मोरोक्कोच्या लाल झेंड्यावर १९१५ मध्ये हिरवी, एकमेकींत गुंतलेल्या रेषांची पाच टोकांची चांदणी आली. तीही सुलेमानची मोहर म्हणूनच ओळखली जाते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर ज्या आकाराला शैतानाचा म्हणतो, तो आकार एका मुस्लिम देशाच्या राष्ट्रध्वजावर शंभरहून जास्त वर्षं आहे.

मग शैतान आला कुठून? फ्रान्समधून, आणि तोही फार उशिरा. एलिफास लेव्ही नावाच्या गूढविद्येच्या लेखकाने १८५० च्या दशकात लिहिलं की चांदणीचं एक टोक वर असेल तर ती शुभ आणि दोन टोकं वर असतील तर अशुभ. पुढे उलट्या चांदणीत बोकडाचं डोकं काढलं गेलं. १९६६ मध्ये अमेरिकेत 'चर्च ऑफ सेटन' नावाची संस्था निघाली आणि तिने ते चित्र आपलं बोधचिन्ह केलं. बाकीचं काम हॉलिवूडच्या भुताच्या सिनेमांनी केलं. म्हणजे पाच हजार वर्षांच्या इतिहासात शैतानाचा वाटा जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा. ती भीती आपण इंग्रजी सिनेमातून उचलली आणि दीनची बात म्हणून एकमेकांना पाठवू लागलो.

आपल्या आजूबाजूलाच बघा. दिवाळीत सोनईच्या घरांवर चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील लागतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं, तेव्हापासून या जिल्ह्यात मराठी ख्रिस्ती समाज आहे. डिसेंबरात त्यांच्या दारांवर कागदी चांदण्या दिसतात, बेथलेहेमच्या ताऱ्याची आठवण म्हणून. फौजदाराच्या खांद्यावरचे स्टारही पाच टोकांचेच. साताऱ्याच्या बाजूला पाचगणीत बहाई लोकांनी १९४५ मध्ये सुरू केलेली शाळा आहे. त्या बहाई धर्मातही पाच टोकांचा तारा पवित्र मानतात. एकाच महाराष्ट्रात हा आकार कुणाला सण आहे, कुणाला श्रद्धा, तर कुणाला वर्दी.

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात पाच या आकड्याची एक वेगळी खूणही आहे. नगरच्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिर यांच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. मोहर्रममधला पंजा ही पंजतनची, म्हणजे हजरत मुहम्मद (स.), अली, फातिमा, हसन आणि हुसेन या पाच जणांची आठवण. पुढे निजामशाही संपली. आज इथले बहुतेक मुसलमान सुन्नी आहेत, पण नगरच्या कोठल्यातल्या सवारीला गर्दी होते आणि मन्नत मागणाऱ्यांत हिंदू घरांतली माणसंही असतात. कुणी त्याला बिदअत म्हणेल, कुणी श्रद्धा म्हणेल. मला एवढंच दिसतं की पंथ बदलला, राज्य गेलं, तरी लोकांनी त्या खुणेला आपला अर्थ दिला आणि ती टिकली. खुणेचा अर्थ तिला वागवणारी माणसं ठरवतात.

आता चांदताऱ्याकडे येऊ. कुराणात चांदतारा हे इस्लामचं चिन्ह म्हणून कुठेही सांगितलेलं नाही. हदीसच्या ग्रंथांत पैगंबरांच्या झेंड्यांचे काळा आणि पांढरा असे उल्लेख मिळतात, चांदताऱ्याचा मिळत नाही. चंद्रकोर आणि तारा ही जोडी इस्लामच्या आधीच्या इराणी आणि बायझंटाइन नाण्यांवर आहे. तुर्कस्तानच्या उस्मानी सल्तनतीने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती झेंड्यावर घेतली. १८४४ च्या सुमारास त्यातला तारा पाच टोकांचा झाला. सुलतान खलिफाही होता, म्हणून त्याच्या राज्याचं निशाण जगभरच्या मुसलमानांना आपलं वाटू लागलं. भारतात १९१९ नंतरच्या खिलाफत चळवळीत स्वयंसेवकांच्या टोप्यांवर चंद्रकोर आली. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर चांदतारा नाही. सर्वांत जास्त मुसलमान असलेल्या इंडोनेशियाच्या झेंड्यावरही नाही. उलट सिंगापूरच्या झेंड्यावर चंद्रकोर आणि पाच तारे आहेत, आणि तो काही मुस्लिम देश नाही.

२०१८ मध्ये उत्तर प्रदेश शिया वक्फ बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी चांदताऱ्याच्या हिरव्या झेंड्यांवर बंदी घाला म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. या झेंड्याला धर्माचा आधार नाही आणि तो मुस्लिम लीगच्या झेंड्यासारखा दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातलं पहिलं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यावरून बंदीची मागणी मान्य नाही. धर्मग्रंथात नाही म्हणून एखादी खूण बेकायदा ठरत नाही. तसं असतं तर निम्मे सण बंद करावे लागले असते. पाकिस्तानच्या झेंड्यावर काठीच्या बाजूला पांढरा उभा पट्टा असतो. मिरवणुकीतल्या साध्या हिरव्या झेंड्यावर तो नसतो. गल्लीत कुणी बोंब मारली तर त्याला हा फरक शांतपणे, फोटो दाखवून सांगा. आवाज चढवून काही सिद्ध होत नाही, आणि केस आपल्याच पोरांवर पडते.

पण हाच शांतपणा घरातही दाखवायला हवा. तावीज विकणारा बाबा कागदावर तारा काढून पैसे घेतो आणि तापाने फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे न्यायला उशीर होतो, तेव्हा आपण गप्प का बसतो? महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखून गंडा-दोरा करणं हा गुन्हा ठरवला आहे. तो कायदा आपल्या मोहल्ल्यालाही लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तौहीद काय सांगते? हजरत उमर यांनी हजर-ए-अस्वदसमोर उभं राहून म्हटल्याचं सांगतात की हा दगड ना नफा देऊ शकतो ना नुकसान, आणि पैगंबरांनी त्याचं चुंबन घेतलं म्हणूनच आपण घेतो. काबागृहातल्या दगडाबद्दल जो दीन इतकं स्पष्ट बोलतो, तो दप्तरावरच्या चांदणीला घाबरायला कसा सांगेल?

शेवटी एक उदाहरण अमेरिकेचं. तिथे विक्का नावाचा एक छोटा पंथ आहे. गोलातली पाच टोकांची चांदणी हे त्यांचं धर्मचिन्ह. त्या पंथाचा एक सैनिक २००५ मध्ये अफगाणिस्तानात मारला गेला. सरकारी स्मृतिफलकावर ख्रिस्ती क्रूस चालत होता, यहुदी तारा चालत होता, मुस्लिम चंद्रकोर चालत होती, पण ही चांदणी चालत नव्हती. त्याच्या बायकोने हट्ट सोडला नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने माघार घेऊन त्या चिन्हाला मान्यता दिली. नागरी हक्कांच्या ज्या संघटना तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्यांना त्या पंथाशी श्रद्धेचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा मुद्दा एवढाच होता की कुणाच्या कबरीवर कोणती खूण असावी हे बहुसंख्याकांच्या भीतीवर ठरू नये.

हे आपल्यालाही लागू होतं. आपल्या झेंड्याकडे कुणी संशयाने बघू नये असं वाटत असेल, तर दुसऱ्याच्या दारावरची, गळ्यातली, कबरीवरची खूण शैतानाची आहे असं आपणही म्हणता कामा नये. ज्याला चांदतारा प्रिय आहे त्याने तो जरूर लावावा, पण त्यालाच ईमान समजू नये. आणि ज्याला तो नको आहे त्याला कुणी काफिर म्हणू नये. पुढच्या वेळी तो मजकूर तुमच्या ग्रुपवर आला की डिलीट करून गप्प बसू नका. मोरोक्कोच्या झेंड्याचा फोटो टाका आणि मामूंना, खालांना अदबीने विचारा, यांचं काय करायचं?